चिंधीची उन्हाळी

कुत्रं पाळायचं असं आमच्या घरात कुणी ठरवलं नव्हतं. आई पंडरीच्या कापडबाजारात परकराचं कापड आणायला गेली होती. तिथे एका ठोक दुकानाच्या मागे कातरणांचा ढीग पडलेला असायचा, त्यात एक पिल्लू एकटंच झोपलेलं तिला दिसलं. परकराचं कापड राहिलं आणि पिशवीतून पिल्लू घरी आलं. बाबा दारातच म्हणाले, "हे काय, चिंधी उचलून आणली का?" तेच नाव पडलं. रंगही तसाच होता, अर्धी पिवळट, अर्धी मळकट पांढरी, एका कानावर काळं ठिगळ. "कुत्री घरात येणार नाही," असं बाबांनी त्या दिवशी तीनदा बजावलं. पंधरा दिवसांत ती त्यांच्या आरामखुर्चीखाली झोपायला लागली आणि पेपर वाचता वाचता बाबा पायाच्या अंगठ्यानं तिचं पोट खाजवायला लागले. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे मी बाबांबद्दल जे लिहिणार आहे ते वाचून कुणाला वाटेल की त्यांचा तिच्यावर जीव नव्हता. होता. म्हणूनच तर माझा राग अजून जात नाही.

आमची कॉलनी भनपुरीच्या अलीकडे, सरकारी कचेऱ्यांतल्या बाबू लोकांची. मधे एक चौकोनी मैदान आणि त्याच्या चारी बाजूंनी सारखी घरं. मराठी घर आमचं एकटंच. आई-बाबा आपसात वऱ्हाडी बोलायचे, फाटकाबाहेर हिंदी सुरू व्हायची, आणि भाजीवाली आली की आई बेधडक तिची छत्तीसगढी बोलून भाव करायची. सकाळी कारखान्याचा भोंगा, मग आमचा कुकर, मग फरशीवर चिंधीच्या नखांची टिकटिक. रविवारी आई तांदळाच्या पिठाचे चीले करायची, शेजारणींकडून शिकलेले, पण सोबत ठेचा मात्र आपला अकोल्याकडचा. पहिला चीला हटकून तव्याला चिकटायचा. तो चिंधीचा. कालथा तव्यावर खरवडल्याचा आवाज आला की ती कुठेही असली तरी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर हजर व्हायची आणि आत पाऊल न टाकता मान तेवढी लांब करायची. उंबऱ्याच्या आत यायचं नाही हा नियम तिला आईनं एकदाच सांगितला होता. नियम पाळण्यात ती आम्हा सगळ्यांपेक्षा सरळ होती.

वारा उरल्याच्या कारखान्यांकडून आला की ओट्यावर, तुळशीवर, वाळत घातलेल्या कुरड्यांवर काळी भुकटी बसायची. सकाळी पुसलेल्या फरशीवरून दुपारी बोट फिरवलं की बोट काळं. बाबांच्या तळपायाची आग मस्तकात जायची. बनियन-पायजम्यावर टेबलाशी बसून ते अर्ज लिहायचे, हिंदीत, सुवाच्य अक्षरात, खाली दोन कार्बन. "हमसे पूछे बिना हमारी साँसों में ज़हर घोला जा रहा है," असं एक वाक्य प्रत्येक अर्जात असायचं. ते वाक्य मला इतकं आवडायचं की मी शाळेच्या निबंधातही घालून मोकळी झाले होते. रागावलेले बाबा मला देखणे वाटायचे. चिडायचं कसं, कशासाठी चिडायचं, हे मी त्यांच्याकडूनच शिकले.

मग बाबा कॉलनीच्या बगीचा समितीचे सचिव झाले. मैदानात तेव्हा गाजर गवत, बाभळीची खुरटी झुडपं आणि फुटक्या बादल्या होत्या. बाबांनी ते साफ करून घेतलं, माती आणवली, दूब लावून घेतली. दूब म्हणजे आपल्या दूर्वाच. वर्षभरात मैदानाचं लॉन झालं आणि शहरातल्या कॉलन्यांच्या बागांची जी स्पर्धा व्हायची तिच्यात आमचं लॉन पहिलं आलं. ढाल आमच्या शोकेसमध्ये, आईच्या रुखवतातल्या बाहुल्यांच्या शेजारी. बाबा कचेरीतून आले की चहाच्या आधी लॉनला एक फेरी मारायचे, हात मागे बांधून. पण लॉनमध्ये मोथा, म्हणजे आपला लव्हाळा, उगवायचा. कितीही उपटा, गाठ जमिनीत राहते आणि आठवड्यात पुन्हा तरारून येतो. आमचा माळी बिसाहू, बीरगांवहून सायकलनं येणारा, पन्नाशीचा, कमी बोलणारा माणूस, दिवसभर उकिडवा बसून खुरपं चालवायचा तरी मोथा हटेना. तेव्हा बाबांनी कुठूनशी माहिती काढली की असं एक औषध आहे जे मोथा आणि बाकीचं तण मारतं आणि दूब तेवढी ठेवतं. पाठीवरचा पंप आला. बिसाहू तोंडाला गमछा बांधून, अनवाणी, लॉनवर आडवा-उभा फिरायला लागला. हवेत एक उग्र वास यायचा, रॉकेल आणि सडक्या फळाच्या मधला. आम्ही खिडक्या लावून घ्यायचो आणि वास गेला की उघडायचो. त्यापलीकडे कुणाच्या डोक्यात काही आलं नाही. माझ्याही नाही.

मोथा मेला. दूब अशी हिरवीगार झाली की बघत राहावं. चिंधीला तर तिथे स्वर्गच मिळाला. सकाळी दंव असताना ती लॉनवर पाठीवर लोळायची, चारी पाय आकाशात. दुपारी ओल्या गवतात पोट टेकून पडायची. पोट बिघडलं की पाती चावून खायची, कुत्री खातात तशी. आणि आई दर चतुर्थीला तिथूनच दूर्वा आणायची. आधी ती त्यासाठी तळ्याच्या काठापर्यंत जायची. आता फाटकाबाहेर पाऊल टाकलं की कोवळ्या, लांबलचक, तीन पानांच्या दूर्वा. आई म्हणायची, "बाप्पानंच सोय केली." बाबा खूश व्हायचे. असं तीन वर्षं चाललं.

चौथ्या वर्षी होळी झाली आणि ऊन तापायला लागलं, तेव्हा चिंधी वारंवार बाहेर जायला लागली. बसायची, थेंब दोन थेंब, पुन्हा उठायची, पुन्हा बसायची. एक दिवस फरशीवर लालसर डाग दिसला. आईनं तो पुसला आणि निदान करून टाकलं. "उन्हाळी लागली तिले. एवढं ऊन, त्यात ही केसाळ." आमच्या घरात उन्हाळी, म्हणजे उन्हानं होणारी लघवीची जळजळ, ही काही घाबरायची गोष्ट नव्हती. मला लागायची, बाबांना लागायची, मे महिन्यात पाहुण्यांना लागायची. धने-जिऱ्याचं पाणी, सब्जा, आणि जास्त झालं तर दूर्वांचा रस. दूर्वा थंड. आईनं मूठभर दूर्वा तोडून आणल्या, पाट्यावर वाटल्या, फडक्यातून पिळल्या आणि तो हिरवा रस ताकात घालून चिंधीपुढे ठेवला. चिंधीला आईच्या हातचं काहीही चालायचं. ती वाटी चाटून पुसून मोकळी झाली. दोन दिवस तिला बरं वाटलं, असं आम्हाला वाटलं. मग पुन्हा डाग. आईनं रस दोन वेळा सुरू केला, सकाळ-संध्याकाळ. कधी आई कामात असली तर दूर्वा मी तोडायचे. पाटा माझ्या डोळ्यांसमोर आहे, त्यावरचा तो हिरवा लगदाही. हे सगळं चालू असताना बाबा ओसरीत पेपर वाचत बसलेले असायचे.

माझा मुलगा हे ऐकतो तेव्हा हिंदीत म्हणतो, "मम्मी, डॉक्टर के पास क्यों नहीं ले गए?" त्याला कसं सांगू? दुखलं की आधी आईचा पाटा, मग डॉक्टर, ही आमच्याकडची रीत होती आणि माणसांनाही तीच लागू होती. त्यात प्रेमाची कमी नव्हती. उलट आईनं त्या दोन महिन्यांत चिंधीसाठी जेवढं वाटलं-पिळलं तेवढं आम्हा कुणासाठी केलं नसेल.

शेवटी मीच हट्ट धरला. चिंधी चीला खाईना, तेव्हा. दुर्गच्या बाजूला जनावरांच्या डॉक्टरांचं कॉलेज आहे, तिथे मी आणि आई तिला चादरीत गुंडाळून घेऊन गेलो. डॉक्टर तरुण होता. त्यानं पोट चाचपलं, मशीन फिरवलं, बराच वेळ पडद्याकडे बघितलं. मग म्हणाला, "पेशाब की थैली में गाँठ है। काफ़ी बढ़ गई है। कैंसर है।" आईला कॅन्सर हा शब्द कळला, पण कुत्र्याला कॅन्सर होतो हे तिला पटेना. ती पुन्हा पुन्हा विचारत होती, "उन्हाळी नाही? नक्की उन्हाळी नाही?" आणि मी हिंदीतून डॉक्टरला. डॉक्टरनं मला विचारलं, "घर के पास खेत है क्या? दवा छिड़कते हैं?" मी म्हटलं, शेत नाही, लॉन आहे. "लॉन में क्या डालते हैं?" मला माहीत नव्हतं. तो म्हणाला की नेमकं कशामुळे झालं हे कुणीच सांगू शकत नाही, वय असेल, नशीब असेल, पण हिला त्या गवतावर जाऊ देऊ नका आणि तिथलं काही तोंडात जाऊ देऊ नका. आईला तेवढं हिंदी येत होतं. पण ती तोवर बाहेरच्या बाकावर जाऊन चिंधीचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. घरी येताना बसमध्ये ती एकच वाक्य बोलली, "मीच उशीर केला. उन्हाळी, उन्हाळी म्हणत बसली."

घरी पाट्यावर सकाळच्या दूर्वा तशाच होत्या. मी त्या गोळा करून कचऱ्यात टाकल्या आणि आईला सांगितलं की डॉक्टरांनी रस बंद करायला सांगितलाय. मग सरळ बिसाहूकडे गेले. तो पंप धूत होता. बाटली कुठली, कसली, विचारलं. त्यानं बाटली दाखवली. लेबल अर्धं निघालेलं, तरी धोक्याची खूण दिसत होती. मी म्हटलं, "बिसाहू भैया, ये कुत्ते के लिए ख़राब है क्या?" त्यानं पंप खाली ठेवला. मग म्हणाला, "नोनी, मैं तो इहाँ के काँदी अपन छेरी ला घलो नइ खवावँव." म्हणजे इथलं गवत तो आपल्या शेळीलाही घालत नव्हता. रोज एवढं गवत कापायचा, आणि शेळीसाठी मात्र रेल्वेलाइनच्या काठचं न्यायचा. मी विचारलं, मग सांगितलं का नाही? तर तो चिडलाच. पहिल्यांदाच मी त्याला चिडलेलं पाहिलं. "बाबूजी ला पहिलीच बछर बताए रेहेंव। दवा डारे के बाद तीन-चार दिन कोनो झन आवय, न लइका, न जनावर." बाबांना त्यानं पहिल्याच वर्षी सांगितलं होतं. फवारलं की तीन-चार दिवस पोरं नाहीत, जनावरं नाहीत. मग त्यानं आपले तळहात माझ्यापुढे धरले. कातडी सालपटासारखी निघालेली होती. त्या हातांकडे इतक्या वर्षांत आमच्यापैकी कुणी पाहिलं नव्हतं, आणि मी त्याला जाब विचारायला गेले होते. ती लाज वेगळीच.

बाबा तेव्हा चहा पीत होते. मी दार लोटून घेतलं आणि विचारलं. ते नाही म्हणाले असते तर मी कदाचित त्यांच्यावर विश्वास ठेवला असता. पण ते म्हणाले, "अवं, तो अडाणी माणूस. त्याचं काय मनावर घ्यायचं?"

"तुम्ही बाटलीवर वाचलं नाही?"

"वाचलं. सगळ्या बाटल्याईवर लिहिलेलं असते."

"चिंधी रोज तिथे लोळून राहिली होती, बाबा. आई तिथल्या दूर्वा वाटून तिले पाजून राहिली होती. तुम्ही इथे बसून पाहून राहिले होते."

"चार दिवस लॉन बंद ठेवलं तर लोक विचारतील काहून बंद आहे. मग सगळे घाबरतात. मग समिती, मग भानगडी." मी म्हटलं, "हमसे पूछे बिना." एवढंच. त्यांना कळलं. त्यांनी कप खाली ठेवला आणि हळू आवाजात म्हणाले, "तुझ्या आईले सांगू नको. आपल्या हातानं पाजलं हे कळलं तर ती खचून जाईल." आणि मी मूर्ख, मला ते पटलं. आईसाठी म्हणून मी गप्प बसले. आज कळतं की ते आईचं नाव पुढे करून स्वतःला वाचवत होते, आणि मी त्यांना मदत केली. तो राग मला माझाही आहे.

चिंधी श्रावणात गेली. दुपारची वेळ होती, आई तिच्याजवळ होती. शेवटचे आठ-दहा दिवस आई तिला बोटानं भात-ताक चाटवायची आणि सारखी तिची माफी मागायची. मोठ्यानं, आम्ही ऐकत असताना. "माहं चुकलं वं माय, मले कळलंच नाही." बाबा उठून दुसऱ्या खोलीत जायचे. त्यांचे डोळे लाल असायचे, खोटं कशाला बोलू. पण एका वाक्यात तिचं ओझं उतरवता आलं असतं, आणि ते वाक्य त्यांच्याजवळ होतं.

पंधरा दिवसांनी समितीची बैठक झाली, लॉनवरच. सतरंज्या, खुर्च्या, समोसे, बायका एका बाजूला. पोरं मधे कोलांट्या मारत होती. अध्यक्ष तिवारीजी म्हणाले की मोथा पुन्हा दिसतोय, यंदा ढाल राखायची असेल तर दवाईचा डोस वाढवावा लागेल, सचिवांचं काय मत? बाबा म्हणाले, "जी, बढ़ाना पड़ेगा." माझे कान तापले. पंधरा दिवस. माणूस पंधरा दिवस तरी थांबतो. मी उठून उभी राहिले आणि हिंदीत सगळं सांगून टाकलं, बाटली, शेळी, डॉक्टर, बिसाहूचे हात. तिवारीजी हसून म्हणाले, "बिटिया, कुत्ता है, एक दिन तो जाता ही है." दोघंतिघं हसले. कुणीतरी म्हणालं, बच्ची दुखी है. बाबा माझ्याकडे न बघता म्हणाले, "बैठ जाओ, बेटा." माझ्याशी ते जन्मात हिंदी बोलले नव्हते.

तेव्हा बायकांच्या घोळक्यातून आईचा आवाज आला. चारचौघांत कधी तोंड न उघडणारी माझी आई बसल्या जागेवरून, आपल्या भाषेत, जणू घरातच आहे अशी विचारत होती. "अहो, बिसाहूनं तुम्हाले सांगितलं होतं?"

बाबांनी मांडीवरची समितीची वही मिटली.

"मी दूर्वा तोडत होती तवा तुम्हाले माहीत होतं?"

कॉलनीत मराठी कुणाला येत नव्हतं, पण हा प्रश्न सगळ्यांना कळला. समोसा खाणारे हात थांबले. बाबा म्हणाले, "हो."

"मग मले काहून नाही सांगितलं?"

किती उत्तरं देता आली असती. विसरलो, लक्षात आलं नाही, एवढं वाटलं नव्हतं. त्यातलं कुठलंही आईनं मान्य केलं असतं. तिला मान्य करायचंच होतं. पण बाबा जे म्हणाले ते खरं होतं. ते म्हणाले, "तू सगळ्याईले सांगितलं असतं."

आई उठली. आमचं घर समोरच, लॉनवरून वीस पावलांवर होतं. ती रस्त्यानं वळसा घालून गेली.

त्या वर्षी पुढे फवारणी झाली नाही. बाबांनी सचिवपद सोडलं, ढाल परत गेली, मोथा माजला आणि पोरं त्यातच खेळली. पुढे दुसऱ्या कुणी पुन्हा पंप आणला, असं ऐकलं. तोवर आम्ही तिथून निघालो होतो. परवा माझ्या आत्ताच्या सोसायटीच्या ग्रुपवर निरोप आला की लॉनमध्ये दवाई टाकणार आहेत. मी विचारलं, कसली? उत्तर म्हणून चार जणांनी हात जोडल्याची चित्रं टाकली. मी उत्तर मिळेपर्यंत फाटकाशी खुर्ची टाकून बसले. माझा मुलगा लाजेनं घराबाहेर येईना.

लोक म्हणतात, एका कुत्र्यासाठी इतकी वर्षं राग? चिंधीला त्या लॉननंच मारलं असं मी शपथेवर सांगू शकत नाही. तो डॉक्टरही सांगू शकला नव्हता. पण आई पुढे कितीतरी वर्षं जगली, आणि उन्हाळा लागला, कुणी धन्याचं पाणी मागितलं, की ती म्हणायची, "चिंधीचं मीच केलं." बाबा समोर असायचे. लॉनवर वीस-पंचवीस लोकांपुढे ते हो म्हणाले होते, आणि घरात त्या बाईला "तुझी चूक नव्हती" एवढं त्यांच्यानं म्हणवलं नाही. आई ते न ऐकता गेली. नंतर बाबा आजारी पडले तेव्हा त्यांचं सगळं मी केलं, शेवटपर्यंत उशाशी बसले. सगळे म्हणाले, पोरगी असावी तर अशी. मी बसले होते बाबांच्या तोंडून ते एक वाक्य ऐकायला, आईची चूक नव्हती हे.